सुंभ आणि पीळ

सुंभ जळतो, पण पीळ जळत नाहीं, ही म्हण हट्टी माणसाला उद्देशून वापरली जाते, आणि ती ऐकतांना सुंभाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर बिडकीन लागतें, त्या परिसरांत ज्या वृद्ध शेतकऱ्यांनीं अंबाडीचा वाख काढून स्वतःच्या हातांनीं कासरे आणि चऱ्हाटें वळलीं आहेत, त्यांना पिळाचा स्वभाव पुरता ठाऊक असतो. पीळ कमी पडला कीं दोर फुसका होतो. जास्त चढला कीं तो सरळ राहत नाहीं. स्वतःभोंवतींच वेटोळीं घालूं लागतो. आणि दोन पदरी दोराचीं टोकें दोन खुंट्यांना घट्ट बांधून मध्यें काठी घातली व पदर अलग करण्याचा प्रयत्न केला, तर पीळ नाहींसा होत नाहीं. तो काठीच्या दोन्ही अंगांना सरकतो आणि तेथें दाटून बसतो. बिडकीनला आतां औद्योगिक नगरी उभी राहत आहे, आणि बाजारांत दोर येतो तो बहुधा नायलॉनचा. पण दोराचा हा गुण नायलॉनलाही सुटलेला नाहीं.

विसाव्या शतकांतील जीवशास्त्राचा एक मोठा वाद, जवळजवळ पंचवीस वर्षें चाललेला, याच गुणाभोंवतीं फिरला. श्रोत्यांनीं हा दोर डोळ्यांसमोर ठेवला तर त्या वादाचा इतिहास समजण्यास फारशी विद्या लागत नाहीं.

प्रत्येक सजीवाच्या पेशींत असाच एक दोन पदरी दोर आहे. त्याला डीएनए म्हणतात. आईबापांकडून अपत्याकडे जाणारे गुणधर्म या दोरावर रासायनिक अक्षरांच्या रूपानें लिहिलेले असतात. अक्षरें चारच, परंतु त्यांचा क्रम लांबच लांब. समोरासमोरच्या पदरांवरील अक्षरें जोडीजोडीनें एकमेकांस धरून असतात आणि त्यांच्या जणूं शिडीसारख्या पायऱ्या होतात. दोराची जाडी मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागाच्या दुप्पट, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवांक्याबाहेरची. लांबी मात्र थक्क करणारी आहे. माणसाच्या एका पेशींतील सारा डीएनए टोकाला टोक जोडून ताणला तर तो सुमारें दोन मीटर भरेल, आणि तो ज्या पेशीकेंद्रांत राहतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. विहिरीचा सोल सुपारींत भरण्याचें काम यापुढें सोपें म्हणावें लागेल.

हें द्रव्य प्रथम हातीं लागलें १८६९ सालीं. जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें फ्रीड्रिख मीशर या तरुण स्विस संशोधकानें इस्पितळांतील जखमांच्या पट्ट्यांवरचा पू धुऊन त्यांतील पेशींतून तें वेगळें काढलें. त्याचा आकार कळण्यास आणखी ऐंशींहून अधिक वर्षें गेलीं. १९३८ सालीं इंग्लंडांतील लीड्स येथें विल्यम अ‍ॅस्टबरी आणि फ्लॉरेन्स बेल यांनीं डीएनएच्या तंतूंवर क्ष-किरण सोडून छायाचित्रें घेतलीं व आंतील चकत्या रुपयांच्या चळतीप्रमाणें एकीवर एक रचलेल्या आहेत एवढें सांगितलें. १९५२ सालच्या मे महिन्यांत लंडनच्या किंग्ज कॉलेजांत रोझलिंड फ्रँकलिन व त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनीं घेतलेल्या छायाचित्रांत फुलीसारखी आकृति स्पष्ट उमटली. ती मळसूत्राची खूण होती. फ्रँकलिन यांनीं आणखी एक गोष्ट टिपली होती. तंतु ओलसर ठेवला कीं त्याचा आकार एक प्रकारचा असतो, आणि सुकत गेला कीं दुसऱ्या प्रकारचा, आंखूड व जाड होतो. म्हणजे नुसत्या भोंवतालच्या पाण्यानेंही हें मळसूत्र आपली ठेवण बदलतें. शाळांच्या भिंतींवरील तक्त्यांत डीएनएची जी सरळ, ताठ, कधींही न बदलणारी शिडी काढलेली असते, तिच्या शोधाच्या आरंभींच तिच्या विरुद्ध साक्ष नोंदलेली होती. ती फारशी कोणी वाचली नाहीं.

१९५३ सालच्या २५ एप्रिलला ‘नेचर’ नियतकालिकांत जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा लेख आला आणि दोन पदरांचें उजवें मळसूत्र जगापुढें उभें राहिलें. दर दहा पायऱ्यांना एक वेढा, असें त्यांचें माप होतें. फ्रँकलिन यांचें छायाचित्र त्यांना न विचारतां वॉटसन यांना दाखविलें गेलें होतें, हें आतां सर्वश्रुत आहे. १९५८ सालीं, ३७ वर्षांच्या असतांना, त्या निवर्तल्या.

रचना सुंदर होती, परंतु तिच्यांत एक गांठ होती. पेशीची दोन भागांत वाटणी होण्यापूर्वी दोराचे पदर अलग व्हावे लागतात, कारण प्रत्येक जुन्या पदरावरून त्याचा नवा जोडीदार घडवावयाचा असतो. पण पदर तर एकमेकांभोंवतीं गुंफलेले! वॉटसन व क्रिक यांनीं त्याच वर्षीच्या मे महिन्यांतील दुसऱ्या लेखांत ही अडचण स्वतःच मान्य केली, आणि ती दुस्तर नसावी एवढें म्हणून ते पुढें गेले. माक्स डेल्ब्रुक यांचें एवढ्यानें समाधान झालें नाहीं. मूळचे पदार्थविज्ञानाचे पंडित, आणि शंका काढण्यांत निष्ठुर असा त्यांचा लौकिक. १९५४ सालीं त्यांनीं असा तोडगा सुचविला कीं, नक्कल चालू असतां दोर मधून मधून तुटत असावा आणि पुन्हां सांधला जात असावा. त्या काळीं हें बोलणें अघटित वाटलें. कुळाचा सारा लेख ज्याच्यावर लिहिला तो दोर पेशी आपल्या हातानें कशाला तोडील?

परंतु हिशेब डेल्ब्रुक यांच्याच बाजूचा होता. माणसाच्या आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय जंतूचें उदाहरण घ्यावें. त्याच्या डीएनएंत सुमारें ४६ लाख पायऱ्या, म्हणजे जवळजवळ ४ लाख ४० हजार वेढे असतात. अनुकूल परिस्थितींत त्याची नक्कल सुमारें ४० मिनिटांत पुरी होते, आणि ती दोन ठिकाणीं एकाच वेळीं चालते. म्हणजे प्रत्येक ठिकाणीं सेकंदाला सुमारें नव्वद वेढे उलगडले पाहिजेत. घराच्या छताचा पंखाही एवढ्या वेगानें फिरत नाहीं. त्यांतून १९६३ सालीं जॉन केर्न्स यांनीं दाखविलें कीं, या जंतूचा डीएनए मोकळ्या टोकांचा नसून बंद वलय आहे. दोराचीं टोकें खुंट्यांना बांधल्यासारखीच ही स्थिति झाली. फिरून मोकळें व्हावयाला टोकच नाहीं. दोन वर्षांनीं, १९६५ सालीं, जेरोम विनोग्रॅड व त्यांचे सहकारी यांना एका विषाणूच्या डीएनएचीं वलयें स्वतःभोंवतीं वेटोळीं घालून बसलेलीं आढळलीं. अंबाडीच्या दोराचें तें वेटोळें आतां प्रयोगशाळेंत दिसूं लागलें होतें.

या अडचणीवर सर्वांत धीट उत्तर भारतांतून आलें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत व्ही. शशिशेखरन काम करीत असत. प्रथिनांच्या घडणीविषयींचा जो आलेख रामचंद्रन यांच्या नांवानें जगभर ओळखला जातो, त्याच्या १९६३ सालच्या मूळ लेखावर जी. एन. रामचंद्रन व सी. रामकृष्णन यांच्याबरोबर त्यांचेंही नांव आहे. अणूंमधील अंतरें आणि कोन यांचा बारीक हिशेब करण्यांत या मंडळींचा हातखंडा होता. त्यांनीं डीएनएच्या सांगाड्याचाही असाच हिशेब मांडला, आणि त्यांना असें दिसलें कीं, उजव्या पिळाप्रमाणें डावा पीळही रसायनशास्त्राच्या नियमांत बसतो. तंतूंच्या क्ष-किरण छायाचित्रांवरून दोहोंतील निवड निःसंशय करतां येत नाहीं, असेंही त्यांचें म्हणणें होतें. मग १९७६ सालीं त्यांनीं निराळीच रचना पुढें मांडली: कांहीं पायऱ्या उजवीकडे वळतात, पुढच्या कांहीं डावीकडे, आणि पदर एकमेकांत न गुंफतां शेजारीं शेजारीं चालतात. त्याच वर्षीं न्यूझीलंडमधून रॉडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनींही स्वतंत्रपणें जवळजवळ तीच कल्पना प्रसिद्ध केली. दोर असा असेल तर पदर अलग करण्यास फिरवाफिरव लागतच नाहीं. खुंट्या राहूं देत. काठी घालावी आणि पदर बाजूला करावे.

क्रिक यांनीं ही सूचना हंसण्यावारी नेली नाहीं. १९७९ सालीं जेम्स वाँग आणि विल्यम बावर यांच्यासह त्यांनीं लेख लिहिला, त्याचा मथळाच असा होता कीं, डीएनए खरोखर दुहेरी मळसूत्र आहे काय? उत्तर मिळालें तें छायाचित्रांनीं नव्हे, मोजणीनें. बंद वलयाचे दोन पदर एकमेकांभोंवतीं किती वेळां गेले आहेत ही संख्या नेहमीं पूर्णांक असते, आणि पदर तोडल्यावांचून ती बदलत नाहीं. समुद्रशैवालापासून केलेल्या खळीसारख्या थरांतून विजेच्या ओढीनें हीं वलयें सरकविलीं, तर एकाच वेढ्याचा फरक असलेलीं वलयेंही भिन्न वेगानें जातात आणि त्यांचे वेगवेगळे पट्टे पडतात. वाँग यांनीं वलयांत मोजून पायऱ्या वाढविल्या आणि पट्टे किती हालतात तें पाहिलें. द्रावणांत दर वेढ्याला सुमारें साडेदहा पायऱ्या पडतात असें ठरलें. पदर शेजारीं शेजारीं असते तर वेढ्यांची बेरीज शून्याच्या जवळपास यावयास हवी होती. ती तशी आली नाहीं.

गंमत अशी कीं, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अलेक्झांडर रिच यांच्या प्रयोगशाळेनें डीएनएच्या एका छोट्या तुकड्याचा अणूंपर्यंत स्पष्ट असा नकाशा स्फटिकावरून काढला, आणि तो तुकडा डाव्या पिळाचा निघाला! डावा पीळ अशक्य नाहीं, हा बंगळूरचा हिशेब तेवढ्यापुरता खरा ठरला. चुकली ती दोराची एकूण बांधणी. शशिशेखरन यांची रचना टिकली नाहीं. परंतु तिच्यामुळें एक गोष्ट जगाच्या ध्यानांत आली: ज्या मळसूत्राचीं चित्रें सव्वीस वर्षें छापलीं जात होतीं, तें तोंवर सिद्ध झालेलें नव्हतें, नुसतें मानलेलें होतें. हरलेल्या बाजूनेंही शास्त्राचें काम होतें, याचें इतकें स्वच्छ उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासांत विरळा सांपडेल, आणि तरी आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख दिसत नाहीं.

पीळ तर खरा ठरला. मग तो उलगडतो कोण? याचें उत्तर वाद पेटण्यापूर्वीच मिळूं लागलें होतें. १९७१ सालीं याच वाँग यांनीं ई. कोलाय जंतूंतून एक प्रथिन वेगळें काढलें. तें डीएनएला चिकटतें, एक पदर कापतें, पीळ सैल होऊं देतें आणि पदर परत सांधतें. कापलेलें टोक तें मोकळें सोडीत नाहीं. सांधून होईपर्यंत स्वतःशीं रासायनिक बंधानें धरून ठेवतें. डेल्ब्रुक यांचा सतरा वर्षांपूर्वींचा अघटित तोडगा जंतूंच्या घरीं रोजच्या व्यवहारांतला निघाला. १९७६ सालीं अमेरिकेंत बेथेस्डा येथें मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याहूनही धाडसी प्रथिन सांपडलें. त्याचें नांव जायरेज. तें शंभराहून अधिक पायऱ्यांचा डीएनए स्वतःभोंवतीं गुंडाळून घेतें, दोन्ही पदर एकदम कापतें, त्या फटींतून दोराचाच दुसरा भाग आरपार नेतें आणि फट बुजवितें. प्रत्येक खेपेस दोन वेढे कमी होतात. काठीच्या अंगांना दाटलेला पीळ असा काढून टाकला जातो, एवढेंच नव्हे तर दोर नेहमींच थोडा सैल ठेवला जातो, म्हणजे पदर उघडण्यास जोर कमी लागतो.

पीळ हा दोराच्या लांबीवरचा गुण झाला. दोराला वांकविणें ही निराळी गोष्ट, आणि तेथें अंबाडीच्या दोराची उपमा लंगडी पडते. अंबाडीचा दोर हवा तसा वांकतो; डीएनएचा दीडशें पायऱ्यांपर्यंतचा तुकडा मात्र जवळजवळ वेताच्या काठीसारखा ताठ असतो. त्याच्या दोन्ही पदरांवर ऋण विद्युद्भार असतो आणि समान भार एकमेकांना दूर लोटतात, हें त्या ताठपणाचें एक कारण. प्रथिनांनीं यावर दोन युक्त्या योजिल्या आहेत. कांहीं प्रथिनें एकाच बाजूनें धन भार आणून ठेवतात. त्या अंगाचें परस्परांस ढकलणें कमी होतें आणि काठी तिकडे झुकते. दुसरीं प्रथिनें सुताराचा मार्ग धरतात. दोन पायऱ्यांच्या मध्यें तीं आपल्या अंगाचा एखादा कंगोरा पाचरीसारखा घुसवितात, आणि तेथें दोर मोडल्यासारखा वांकतो.

हें सारें १९९० नंतरच्या दशकांत डोळ्यांना दिसलें. १९९१ सालीं थॉमस स्टाइट्झ यांच्या प्रयोगशाळेनें ई. कोलायमधील एका प्रथिनाचा डीएनएला चिकटलेल्या स्थितींतील नकाशा प्रसिद्ध केला. त्यांत डीएनए सुमारें काटकोनांत वांकलेला होता. १९९३ सालीं दोन निरनिराळ्या गटांनीं उच्च सजीवांतील जनुकवाचनाच्या आरंभबिंदूवर बसणारें प्रथिन दाखविलें. घोड्यावर खोगीर चढवावें तसें तें डीएनएवर चढतें, त्याचा पीळ तेथें सैल करतें आणि त्याला सुमारें ८० अंशांनीं वांकवितें. १९९६ सालीं फीबी राइस, हॉवर्ड नॅश व त्यांचे सहकारी यांनीं जें प्रथिन पुढें आणलें त्यानें तर डीएनएला १६० अंशांहून अधिक वळवून जवळजवळ उलट दिशेला फिरविलें होतें. कांहीं थोड्या पायऱ्यांत एवढी कलाटणी! आणि ही नुसती कसरत नव्हे. दूर दूर असलेलीं दोन स्थळें अशा वळणामुळें शेजारीं येतात, आणि त्यांवर बसलेल्या प्रथिनांची गांठ पडते. गांठ पडली तरच जनुक वाचलें जातें, कांहीं ठिकाणीं गांठ पडल्यामुळें वाचन थांबतें.

दोन मीटरांचा दोर सुपारींत कसा मावतो, याचा उलगडाही याच दिशेनें झाला. १९७४ सालीं रॉजर कॉर्नबर्ग यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, पेशीकेंद्रांतील डीएनए हिस्टोन नांवाच्या प्रथिनांच्या गोळ्यांभोंवतीं ठराविक अंतरानें गुंडाळलेला असतो. २३ वर्षांनीं, १९९७ सालीं, झुरिक येथें टिमथी रिचमंड, कॅरोलिन ल्यूगर व त्यांचे सहकारी यांनीं या गोळ्याचा सूक्ष्म नकाशा काढला. आठ हिस्टोन एकत्र येऊन बनलेली एक गिरणी, आणि तिच्याभोंवतीं १४६ पायऱ्यांचा डीएनए १.६५ वेढे घेऊन बसलेला. पागोट्याचे वेढे डोक्याभोंवतीं बसावे तसे. मात्र येथें पागोट्याचें कापड वेतासारखें ताठ आहे आणि त्याला धरून ठेवण्यास हिस्टोनांच्या धन भारांचे अनेक टांके लागतात. हे वेढे डाव्या अंगानें जातात. त्यामुळें गोळा सुटला कीं दोरांत साठवून ठेवलेला सैलपणा मोकळा होतो आणि पदर उघडण्यास उपयोगी पडतो. पिळाचा हिशेब येथेंही चुकलेला नाहीं.

महाराष्ट्रांत या विषयाचें काम झालें तें मुख्यतः पुण्यास, गणेशखिंडींतील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रांत. त्याची कथा १९९२ सालापासून सुरू होते. कॅलिफोर्नियांत तेरुमी कोही-शिगेमात्सु यांच्या गटाला एक प्रथिन सांपडलें होतें. त्याला सॅटबी-१ म्हणतात. बहुतेक प्रथिनें अक्षरांचा ठराविक क्रम पाहून डीएनएला चिकटतात. हें तसें नव्हे. पीळ सैल झाला असतां ज्या जागीं पायऱ्यांची जोडी सहज सुटते, अशा हळव्या जागा तें ओळखतें. म्हणजे तें लिहिलेलें वाचण्याऐवजीं दोराचा स्वभाव पाहतें म्हणावयास हरकत नाहीं. शरीराच्या संरक्षणासाठीं झटणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी छातींतील थायमस ग्रंथींत तयार होतात, त्यांत तें विपुल असतें. २००३ सालीं त्याच गटानें दाखविलें कीं, या पेशींच्या केंद्रांत सॅटबी-१ चें पिंजऱ्यासारखें जाळें असतें, आणि त्या जाळ्याला डीएनएचे फांस जागोजाग अडकविलेले असतात. ओसरीवर वाळत घातलेल्या दोराला मध्यें मध्यें खिळ्यांवर टांगून त्याच्या झोळ्या कराव्या, तसें कांहींसें.

संजीव गलांडे हे कोही-शिगेमात्सु यांच्याकडे काम करून पुण्याला आले आणि त्यांनीं आपला स्वतंत्र गट उभारला. त्यांच्या मनांतला प्रश्न असा: हा खिळा कायमचा ठोकलेला असतो कीं प्रसंगाप्रमाणें काढतां-घालतां येतो? २००६ सालीं या गटानें प्रसिद्ध केलें कीं, सॅटबी-१ वर फॉस्फेटची एक खूण चढली कीं तें जनुकें बंद करणाऱ्या सोबत्यांना जवळ करतें. ती खूण नसतांना त्याचा संबंध वाचन सुरू करणाऱ्या सोबत्यांशीं जुळतो, आणि त्या सोबत्यांनीं त्याच्यावर निराळी खूण केली कीं त्याची डीएनएवरील पकड ढिली होते. एकच प्रथिन, आणि एका लहानशा खुणेनें त्याची भूमिका उलट! २००७ सालीं त्यांनीं आणखी पुढचें पाऊल टाकलें. शरीराची पेशी आपली कीं परकी, हें ओळखण्याची व्यवस्था ज्या जनुकांवर अवलंबून आहे त्यांच्या पट्ट्यांत सॅटबी-१ व दुसरें एक प्रथिन मिळून डीएनएचे ठराविक फांस धरून ठेवतात, आणि संसर्गाच्या वेळीं शरीर जें इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य सोडतें तें पेशींना दिलें असतां या फांसांची मांडणी बदलते, असें त्यांच्या प्रयोगांत दिसलें. रोगाची वर्दी पेशीकेंद्रांत पोहोंचते ती दोराच्या घड्या बदलूनही, एवढा त्याचा अर्थ. २०१० सालचें शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक गलांडे यांना मिळालें. पुण्याबाहेरच्या वर्तमानपत्रांनीं त्याची दखल फार थोडक्यांत घेतली. एखाद्या क्रिकेटपटूच्या शतकाला त्याहून अधिक जागा मिळते, हें नवें नाहीं.

जायरेजची कथा मात्र अजून अपुरी आहे, आणि तिचा पुढचा भाग मुंबईंत घडला. १९६२ सालीं अमेरिकेंतील एका औषध कंपनींत जॉर्ज लेशर व त्यांचे सहकारी यांनीं नॅलिडिक्सिक आम्ल हें औषध प्रसिद्ध केलें. हिंवतापावरील क्लोरोक्विन बनवितांना उरलेल्या एका उपपदार्थापासून त्याचा धागा सुरू झाला. तें जंतूंना मारतें हें दिसत होतें. कसें मारतें तें पंधरा वर्षें उमगलें नाहीं. १९७७ सालीं, जायरेज सांपडल्यावर एका वर्षांत, उत्तर मिळालें. जायरेज दोर कापून उभें असतां हें औषध त्या फटींत जाऊन बसतें आणि सांधूं देत नाहीं. दोर वांचविण्यासाठीं ठेवलेला कारागीरच दोर तोडून बसतो, आणि जंतु मरतो. माणसाच्या पेशींत जायरेज नाहीं; त्याच जातीचीं जीं प्रथिनें आहेत त्यांची घडण पुरेशी निराळी आहे, म्हणून औषध माणसाला सोसतें. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हीं खेड्यापाड्यांतल्या औषधांच्या दुकानांतूनही ओळखीचीं झालेलीं नांवें याच कुळांतलीं.

क्षयाच्या जंतूविरुद्ध या औषधांचें महत्त्व विशेष आहे. १९९८ सालीं त्या जंतूचा संपूर्ण डीएनए वाचून झाला. ४४ लाखांहून अधिक पायऱ्या, आणि दोन्ही पदर कापून पीळ सांभाळणारें प्रथिन एकच, जायरेज. ई. कोलायपाशीं असलें दुसरेंही एक प्रथिन असतें. क्षयाच्या जंतूपाशीं नाहीं. म्हणजे तेथें घाव अचूक बसतो. परंतु याचीच दुसरी बाजू अशी कीं, जायरेजच्या घडणींत एक ठिकाणीं फरक पडला तर घाव फुकट जातो. या प्रथिनाच्या एका भागांतील ९० व्या आणि ९४ व्या जागा विशेष नाजूक आहेत. तेथला एक घटक बदलला कीं औषधाला फटींत बसण्यास आधार राहत नाहीं, आणि जायरेजचें स्वतःचें काम मात्र चालूं राहतें. साध्या तापाला, जुलाबाला, खोकल्याला हीं औषधें चार दिवस घेऊन सोडून देण्याची जी संवय शहरांत आणि खेड्यांत पडली आहे, तिच्यामुळें असे बदललेले जंतूच मागें उरतात. शिवाय क्षय अर्धवट दबतो आणि त्याचें निदान लांबणीवर पडतें.

२०११ सालच्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं चार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्या क्षयजंतूंवर तपासलेलें पहिल्या वा दुसऱ्या फळींतील एकही औषध चालत नव्हतें, जायरेजवरचींही नाहींत. पूर्णपणें औषधांना न जुमानणारा क्षय, हा त्यांनीं वापरलेला शब्दप्रयोग केंद्र सरकारला मान्य झाला नाहीं आणि त्यावरून वाद झाला. शब्द कोणताही असो, रुग्ण खरे होते. १९६२ सालीं सुरू झालेली औषधांची एक पिढी एका प्रथिनाच्या एका वळणाशीं येऊन अडली होती. २०१२ सालच्या मे महिन्यांत क्षयाचा प्रत्येक रुग्ण सरकारदरबारीं नोंदविणें डॉक्टरांवर बंधनकारक झालें.

त्यानंतर नवीं औषधें आलीं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार भारत सरकारनें २०२४ सालच्या सप्टेंबरांत मंजूर केला. बेडाक्विलीन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड हीं त्यांतलीं तीन. तीं जंतूच्या निरनिराळ्या अवयवांवर चालतात. चौथें मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, जुन्या जायरेजवरचेंच. तें देण्यापूर्वीं रुग्णाच्या थुंकींतून जंतूचा डीएनए काढून जायरेजच्या त्या दोन-चार जागा तपासतां येतात. जागा मूळच्या असतील तर चारही औषधें चालतात. बदललेल्या आढळल्या तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या सूचनांप्रमाणें, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन वगळून उरलेल्या तिहींवर उपचार पुढें नेला जातो.